वर्दी कोणाची, नोंद कोणाची?

देहूरोडच्या स्टेशनावरून पुण्याच्या बाजूला निघालेली लोकल आकुर्डी सोडून चिंचवडला येते. या थोडक्या अंतरात दोन स्मृती आहेत. देहूरोडला बुद्धविहार आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. चिंचवडला चापेकर बंधूंचे स्मारक आहे. दामोदर चापेकरांनी २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याच्यावर गोळी झाडली, हे शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ असते. पुण्याच्या प्लेगचा इतिहास म्हणून आपल्याला जे शिकवले गेले, ते बहुतांशी या एका गोळीभोवतीच फिरते.

पण त्याच पुण्याच्या पूर्वेला मुंढवे नावाचे गाव आहे. तेथल्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने आजारी पडला. सावित्रीबाई फुल्यांनी त्याला पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले, आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः गेल्या. रँडच्या हाताखालच्या गोऱ्या सोल्जरांनी पुण्यात घरझडती सुरू केली ती १३ मार्चला. म्हणजे सरकार रोगी शोधायला बाहेर पडले त्याच्या तीन दिवस आधी, रोगी शोधून त्याला पाठीवर घेणारी बाई मरून गेली होती.

या दोन तारखांमधल्या तीन दिवसांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. रोगावर पाळत कोण ठेवते? रोगाची पहिली खबर कोणाच्या डोळ्यांना लागते, कोणाच्या हातांना लागते, आणि सरकारी वहीत ती कोणाच्या नावाने लिहिली जाते? जनावरांतून माणसांत येणाऱ्या रोगांच्या बाबतीत हा प्रश्न आपल्या समाजाने विचारलाच पाहिजे. कारण मेलेल्या जनावरापाशी आपल्याला कोणी उभे केले, हे आपल्याला ठाऊक आहे.

१

प्लेग येण्याच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्राच्या प्रत्येक गावात रोगावर पाळत ठेवणारी एक व्यवस्था होती. तिला कोणी आरोग्यखाते म्हटले नाही. तिचे नाव महारकी. चावडी झाडणे, सरकारी सांगावा पुढच्या गावी पोचवणे, गावात आलेल्या परक्या माणसावर नजर ठेवणे, मर्तिकाची बातमी परगावच्या सोयऱ्यांना नेणे, आणि पाटलाला वर्दी देणे ही महाराची वतनी कामे. मेलेले ढोर ओढून गावाबाहेर नेणे हेही त्यातलेच एक. याचा अर्थ असा की गावात माणूस मेला किंवा जनावर मेले, तर त्याची खबर प्रथम महाराला असायची. त्याने वर्दी दिली की पाटलाने ती पुढे कळवायची. कागदावर मात्र पाटील उरायचा.

आता जनावराच्या रोगाचा विचार करा. फाशी नावाचा गुरांचा रोग आपल्या शेतकऱ्यांना चांगला माहीत आहे. त्याचेच विष माणसाच्या कातडीत शिरले की काळपुळी उठते. या रोगाचे जंतू कातडे, केस आणि माती यांत वर्षानुवर्षे तग धरून राहतात. म्हणून फाशीने मेलेले ढोर फाडू नये, त्याचे कातडे काढू नये, ते खोल पुरावे किंवा जाळावे, असे आजचे पशुवैद्यकशास्त्र बजावून सांगते. आणि आपल्या आजा-पणजांचा धर्म काय ठरवला होता? तेच ढोर ओढायचे, तेच फाडायचे, त्याचे कातडे काढायचे आणि पोटात भूक असेल तर तेच खायचे. शास्त्र ज्या गोष्टीला मरणाचे दार म्हणते, तिलाच गावगाड्याने आपला हक्क म्हटले.

महाडच्या परिषदेत १९ आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी मृत मांस खाणे सोडा असे सांगितले. हा उपदेश आपण आजवर स्वाभिमानाच्या बाजूने वाचला आणि ते योग्यच आहे. पण तो आरोग्याच्याही बाजूने वाचण्याजोगा आहे. मेलेल्या ढोराजवळ रोग असतो आणि गावाने तो रोग एका जातीच्या वाट्याला वतन म्हणून दिलेला असतो. ज्या गावांतल्या महारांनी ढोरे ओढणे थांबवले तेथे बहिष्कार पडले. असे का व्हावे? गावाला घाण नको होती, एवढेच कारण पुरेसे नाही. घाण उचलणारा माणूस फुकट आणि बिनबोभाट मिळत होता, तो हातचा जाऊ नये ही खरी काळजी होती. पुढे मार्च १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले, ते पुढे जाऊ शकले नाही. कनिष्ठ गावकी वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

२

ही पार्श्वभूमी डोळ्यांसमोर ठेवून प्लेगकडे पाहिले की त्याचा इतिहास वेगळा दिसू लागतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्याआधी दोन वर्षे, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये येर्सिन या शास्त्रज्ञाने प्लेगचा जंतू ओळखला होता. तो मेलेल्या उंदरांतही सापडतो हेही त्याने पाहिले होते. पण उंदरातून तो माणसात कसा येतो, हे मुंबईच्या अधिकाऱ्यांना कळले नव्हते. त्यांनी रोग घाणीत, दमट जमिनीत आणि गरिबाच्या चिरगुटात शोधला. गटारे कार्बोलिकने धुतली, भिंतींना चुना फासला, चाळींची कौले काढून ऊन आत सोडले, रोग्याचे सामान जाळले. गटारे धुतल्याने उंदीर पळाले ते शेजारच्या घरांत, असे नंतरच्या जाणकारांनी दाखवून दिले. म्हणजे रोग घालवायला निघालेल्या सरकारने काही ठिकाणी रोगाला वाट करून दिली.

या काळातली एक गोष्ट आपल्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहिली गेली पाहिजे. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रोग्यांना सक्तीने इस्पितळात नेण्याचा हुकूम ऑक्टोबर १८९६ मध्ये काढला आणि लोक खवळले. तेव्हा स्नो यांना सगळ्यांत मोठी धास्ती कशाची वाटली? व्यापारी पळतील याची वाटली, गिरण्या बंद पडतील याचीही वाटली असेल. पण हलालखोर आणि बिगारी, म्हणजे मैला आणि कचरा उचलणारे कामगार, शहर सोडून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, ही धास्ती त्यांनी लिहून ठेवली आहे. सक्ती सैल करण्यामागे ही भीती होती. पुढच्या काही महिन्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती गावोगाव पळाली. ज्यांच्या राहण्यावर उरलेली मुंबई जगली, त्या माणसांसाठी म्युनिसिपालिटीच्या कायद्यात एकच नाव होते, आणि तेही एका कराचे: हलालखोर कर. आपल्या श्रमाच्या संपाची ताकद किती असते, याचा हा पुरावा खुद्द सरकारी माणसाने दिलेला आहे. तो आपल्या कामगार चळवळीच्या पुस्तकांत मात्र क्वचितच सापडतो. याच प्लेगमध्ये गिरणी कामगारांचे पुढारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले, हेही सांगण्याची आठवण फार थोड्यांना होते.

पुण्यात काय झाले ते सर्वांना माहीत आहे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. सोल्जर घराघरांत शिरले, बायकांची तपासणी रस्त्यावर झाली, सामान बाहेर फेकले गेले. त्या अपमानाचा संताप न्याय्य होता आणि तो कमी लेखण्याचे आम्हाला कारण नाही. प्लेगच्या छावणीत बायकांना कसे वागवले जाते याविरुद्ध पंडिता रमाबाईंनी त्याच साली लेखणी उचलली होती. परंतु त्या काळच्या वर्तमानपत्रांतला आक्रोश नीट वाचला तर त्यात दोन सूर ऐकू येतात. एक सूर माणसाच्या अब्रूचा आहे. दुसरा सूर स्वयंपाकघरात आणि देवघरात बूट शिरल्याचा, म्हणजे विटाळाचा आहे. ज्या समाजाने एका माणसाच्या सावलीचा विटाळ हजार वर्षे मानला, त्याला आपल्या उंबऱ्याच्या आत परका पाय आल्याचे दुःख झाले. ते दुःख खोटे नव्हते, पण त्या दुःखातून गावकुसाबाहेर पाहण्याची दृष्टी आली नाही. सोल्जरांच्या मागोमाग चुना फासणाऱ्या आणि सामान हलवणाऱ्या मजुरांच्या तुकड्या फिरत होत्या. हे मजूर कोण होते, त्यांतले किती मेले, हे विचारायला कोणी वृत्तपत्र काढले नाही.

३

शास्त्राने उंदरावरून पिसवेपर्यंतचा रस्ता कसा शोधला, ती गोष्टही आपल्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने दाखवले की मेलेल्या उंदरावरची पिसू दुसऱ्याला चावली की प्लेग होतो. कितीतरी वर्षे त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. मग लिस्टन या डॉक्टराने मुंबईत तोच माग काढला, आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत बसलेल्या प्लेग संशोधन आयोगाने ती गोष्ट पुरती सिद्ध केली. आयोगाच्या कामाची पद्धत अशी होती. शहरातून मेलेले आणि पकडलेले उंदीर रोज गोळा करून आणायचे. कोणता उंदीर कोणत्या जागी सापडला याची नोंद ठेवायची, त्याला फाडून प्लेगचा जंतू शोधायचा आणि नकाशावर खूण करायची. असे हजारो उंदीर तपासल्यावर निष्कर्ष निघाला की आधी उंदरांत साथ येते आणि त्यानंतर सुमारे दहा ते चौदा दिवसांनी माणसांत.

हा दोन आठवड्यांचा अवधी म्हणजेच रोगावर पाळत ठेवण्याचे सगळे मर्म. उंदीर पडल्याची खबर वेळेवर लागली तर माणसे वाचवता येतात. ती लागली नाही तर मेलेली माणसे मोजण्याखेरीज हातात काही उरत नाही.

आता हे उंदीर रोज गोळा कोण करत होते? अंधाऱ्या चाळींच्या सांदीतून, धान्याच्या वखारीतून, मोरीतून ते उचलणारा माणूस कोण होता? मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू, उंदीर गार पडला की ऊब शोधत जवळच्या जिवंत अंगावर उडी मारते. ते जवळचे अंग ज्याचे होते, त्याच्या हातांनी हे संशोधन झाले. शास्त्राच्या अहवालात उंदराला पत्ता मिळाला. तो उचलणाऱ्याला नाव मिळाले नाही. हाफकिन यांनी लस तयार केली तेव्हा १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली, ही थोर गोष्ट आहे. त्यानंतरची मोठी चाचणी भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर झाली. शास्त्राला अंगे लागतात, आणि ती कोठून मिळतात हे समाजाची रचना ठरवते.

खेड्यातल्या माणसाला मात्र आयोगाचा निष्कर्ष वाचण्याची गरज पडली नाही. घरात उंदीर पडले की गाव उठायचे आणि माळावर झोपड्या घालून राहायचे, ही रीत प्लेगच्या त्या वर्षांत सगळ्या देशावर रूढ झाली. हे ज्ञान अडाणी माणसाच्या डोळ्यांनी मिळवले होते. पुढे विज्ञानाने त्याच्यावर शिक्कामोर्तब केले.

४

कोणी म्हणेल की ही सव्वाशे वर्षांपूर्वीची कथा झाली, आज तिचा काय उपयोग? तर १९९४ कडे या.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यातल्या पुष्कळ लोकांनी भीतीने पक्की घरे सोडली आणि ते बाहेर राहू लागले. घरांत धान्य पडून राहिले, उंदीर माजले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा त्रास वाढला, आणि मग माणसांच्या जांघेत आणि काखेत गाठी आल्या. क्रम तोच, परळच्या आयोगाने सांगितलेला. सप्टेंबरमध्ये सुरतेला फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. पन्नासाच्या वर माणसे दगावली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. सारे जग हादरले, विमाने थांबली, माल अडला. त्याआधी देशात प्लेगचा शेवटचा रोगी १९६६ साली नोंदला गेला होता. मधल्या अठ्ठावीस वर्षांत रोग गेला असे मानून पाळतही सुस्त झाली होती. मेलेला उंदीर पाहणारे डोळे गावात होतेच. त्या डोळ्यांपासून सरकारी वहीपर्यंतची वाट तेवढी बुजली होती.

यानंतर देशात रोगसर्वेक्षणाची नवी घडी बसवण्यात आली. २००४ साली एकात्मिक रोगसर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. गावची आरोग्यसेविका लक्षणे कळवते, डॉक्टर संशय कळवतो, प्रयोगशाळा खात्री कळवते, अशी त्याची तीन पायऱ्यांची रचना. ही रचना चांगली आहे आणि तिने पुष्कळ काम केले आहे. माणूस, जनावर आणि परिसर यांचे आरोग्य एकच आहे, असेही आता तज्ज्ञ सांगू लागले आहेत. पण या पायऱ्यांकडे नीट पाहा. तिन्ही पायऱ्या माणूस आजारी पडल्यानंतरच्या आहेत. उंदीर पडतो ती पायरी कुठे आहे? ती झाडूवाल्याच्या पायाशी आहे. मुंबईत महानगरपालिकेचे कामगार रात्रपाळीला बॅटरी आणि काठी घेऊन उंदीर मारत फिरतात. एका रात्रीचे तीस उंदीर भरले पाहिजेत, असा त्यांच्या कामाचा हिशेब. एकेका वॉर्डाच्या उंदरांबद्दल त्यांना जेवढे कळते, तेवढे कोणत्या अधिकाऱ्याला कळत असेल? त्यांच्याकडून उंदीर मोजून घेतात. त्यांना काय दिसले, हे विचारले जाते काय?

२६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसे मेली. उंदराच्या आणि गुरांच्या मुतातून हा रोग साचलेल्या पाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून शरीरात शिरतो. त्या पाण्यात उघड्या पायांनी सगळ्यांत जास्त वेळ कोण उभे असते, हे सांगायला नको. जात बदलली असे म्हणतात, पण रोगाच्या वाटेवर उभे राहण्याची जागा अजून जातीनेच ठरते आहे.

आणि देहू? मार्च २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा सरकारने हातात घेतला तो १८९७ चाच कायदा. त्या वर्षी देहूची पायी वारी थांबली आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. जत्रा, रेल्वे, बंदर सगळे थांबवण्याची ताकद देणारा हा कायदा मुळात अवघ्या चार कलमांचा होता. दुसरे कलम सरकारला अधिकार देत होते, तिसरे कलम हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा देत होते आणि चौथे कलम हुकूम बजावणाऱ्याला संरक्षण देत होते. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षा ठरवली, ते बरे झाले. पण मेलेला उंदीर उचलणाऱ्याला हातमोजे, तुंबलेल्या गटारात उतरणाऱ्याला बूट आणि स्मशानात रात्रंदिवस प्रेते जाळणाऱ्याला औषधपाणी देणारे पाचवे कलम तेव्हाही नव्हते आणि आजही नाही.

५

१९५४ हे साल या पट्ट्याच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या साली देहूरोडला बुद्धमूर्ती आली. त्याच साली, तेथून थोड्या अंतरावर, पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिथे पेनिसिलीन झाले, पुढे स्ट्रेप्टोमायसीनही झाले. स्ट्रेप्टोमायसीन हे प्लेगवरचे खात्रीचे औषध. १८९७ मध्ये हे औषध असते तर मुंढव्याचा तो मुलगा आणि त्याला पाठीवर आणणारी बाई यांना मृत्यूची वाट पाहावी लागली नसती. या देशात १८९६ पासून पुढच्या काही दशकांत प्लेगने सुमारे एक कोटी वीस लाख माणसे नेली. आज औषध आहे. उणीव आहे ती औषधापर्यंत पोचणाऱ्या खबरीची, आणि खबर देणाऱ्याचे माणूसपण मानणाऱ्या व्यवस्थेची.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी काही मागण्या स्वच्छ शब्दांत मांडल्या पाहिजेत. मेलेले उंदीर, मेलेली ढोरे, मेलेले पक्षी यांची खबर देण्याचा अधिकार सफाई कामगाराला नोंदवहीसकट मिळाला पाहिजे, आणि त्याने दिलेल्या वर्दीवर काय कारवाई झाली हे त्याला कळवले गेले पाहिजे. पुराच्या पाण्यात उतरणाऱ्याला लेप्टोची प्रतिबंधक गोळी आणि बूट, तो कायम नोकर असो की ठेकेदाराचा माणूस असो, आधी मिळाले पाहिजेत. त्याचा ताप हा त्याच्या घरचा प्रश्न न मानता रोगाची पहिली सूचना मानली गेली पाहिजे. आज कारखान्यांच्या या पट्ट्यात हजारो कामगार ठेक्यावर राबतात. ते आजारी पडले की दुसरा माणूस येतो आणि त्यांच्याबरोबर ती खबरही निघून जाते.

दुसरे काम आपले स्वतःचे आहे. आपल्या वस्त्यांत अजून अशी म्हातारी माणसे आहेत ज्यांच्या आई-बापांनी प्लेगच्या काळात गाव उठताना पाहिले, ढोरे ओढली, चावडीवर वर्दी दिली. त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. सरकारी दप्तरात आपली नोंद हलालखोर कर या एका शब्दापुरती आहे. उरलेली नोंद आपणच करायची आहे.

चापेकरांच्या स्मारकाला भेट देणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही अडवणार नाही. त्याने तेथे जावे, मग देहूरोडच्या विहारात यावे आणि एक दिवस मुंढव्यालाही जावे. पुण्याच्या प्लेगची गोष्ट गोळीने सुरू होत नाही. ती एका बाईने एका आजारी मुलाला पाठीवर घेतले तेथून सुरू होते, आणि तिच्याही आधी, कोणीतरी एका चाळीच्या मोरीत पडलेला पहिला उंदीर उघड्या हाताने उचलला तेथून.